शिमोन मिस्त्रींच्या गळ्यातला क्रूस

शिमोन मिस्त्री गेल्याचे त्यांच्या मुलाने, डॅनियलने, सकाळी फोनवर कळवले. पाठोपाठ त्याने फोटो मागितला. चौकात बॅनर लावायचा होता. चांगला फोटो माझ्याकडे आहे, हे मिस्त्रींनीच त्याला सांगून ठेवले होते…

धारूरमध्ये मिस्त्री विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे; म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. इतर दुकानांत भरलेल्या मोटारीला वरून हिरवा रंग मारून देतात. मिस्त्री रंग मारत नसत. त्यामागची हकीकत त्यांनीच मला सांगितली होती. तरुणपणी त्यांनी रशीदभाईंच्या सीताफळाच्या बागेतली मोटार जुनीच तार घालून भरली, वरून रंग मारला आणि गळ्यातला क्रूस हातात धरून तार नवी असल्याची शपथ घेतली. मोटार ऐन उन्हाळ्यात जळाली. रशीदभाईंनी शपथेवर विश्वास ठेवला आणि दोष विजेला दिला. तो विश्वास मिस्त्रींना सहन झाला नाही. त्यांनी बागेत जाऊन खरे सांगितले, मोटार नव्याने भरून दिली. तोवर निम्मी झाडे वाळली होती. परत येऊन त्यांनी क्रूस दुकानातल्या खिळ्याला अडकवला. पुन्हा कधी घातला नाही. त्यानंतर गिऱ्हाइकाने आत पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही मोटारीचे झाकण लावले नाही.

रविवारच्या उपासनेला ते न चुकता येत. एकदा चर्चच्या मंडळीतल्या एका पंचांनी टोमणा मारला, “मिस्त्री, गळा मोकळाच. ख्रिस्ती हाय का न्हाई, लोकांला कसं कळायचं?”

“मोटर जळली तर कळंल की,” मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “पत्रकार, माझा फोटू तुमच्याकडं हाय. मी गेल्यावर पोरगं लई नटवंल मला. गळ्यात क्रूस चढवू देऊ नका. येसूनं आत हात घातला, तवा मी सुधारलो. वरून रंग कशापायी?” मी शब्द दिला.

बॅनरचा नमुना डॅनियलने तपासायला माझ्याकडेच पाठवला. मी ‘श्रध्दांजली’चे ‘श्रद्धांजली’ केले. फोटोत गळ्यात सोनेरी क्रूस बसवलेला होता. तो मला दिसला. दुःखाच्या घरी वाद नको, असे ठरवून मी ‘ठीक आहे’ असे कळवले.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई काठी टेकून बॅनरसमोर उभे होते.

“हा कोण हाय?”

“आपले मिस्त्री, चाचा,” मी म्हणालो.

“वळखतो की. हा शपथ घेणारा. मला फसवणारा. माफी मागाय आलता, तो कुठं हाय?”



बॅनर आता उतरला आहे. खिळ्यावरचा काळपट क्रूस तसाच आहे. त्याच्याखाली मिस्त्रींनी भरलेली शेवटची मोटार झाकण उघडे ठेवून पडली होती… ती रशीदभाईंची. परवा ते न्यायला आले, तेव्हा मी दुकानात होतो. त्यांनी वाकून आत पाहिले. डॅनियलने रंगाचा डबा उघडला होता.

“ठेव तो बाजूला,” रशीदभाई म्हणाले. “झाकण लाव.”

माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.