अंगठ्याशेजारची जागा

शाईच्या पॅडचा वास आला, की दिल्लीतल्या त्या धरणे आंदोलनाची दुपार आठवते. महाराष्ट्रातून आलेल्या, जमिनी प्रकल्पात गेलेल्या बायकांचा पुनर्वसनाचा अर्ज मी फुटपाथवर बसून अत्यंत भारदस्त भाषेत लिहून दिला. साऱ्याजणींचे अंगठे उमटल्यावर एका म्हातारीने पॅड माझ्यापुढे सरकवले. “दादा, आता तुमचा. तुम्ही बी आपल्यातलेच की!” “मावशी, अर्ज लिहिणारा त्यावर सही करत नसतो,” मी नियम सांगितला. “मग ऱ्हाऊ द्या ती जागा तशीच कोरी,” ती हसली आणि निळ्या बोटांनी तिने मला भाकरी दिली. संध्याकाळच्या गाडीने साऱ्या परत गेल्या. त्या अर्जाची प्रत इथे दिल्लीत, मयूर विहारच्या माझ्या खोलीत आहे. त्या म्हातारीच्या अंगठ्याशेजारची जागा मोकळीच आहे. त्यानंतर मी असंख्य अर्ज लिहिले. मला आपल्यातला मात्र पुन्हा कोणी म्हटले नाही.