दीड फुटाची पायरी

कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करणं हा माझा धंदा. खुर्चीत बसून, हाताला सिमेंट न लागता. त्यामुळे आजवर माझी एकही भिंत पडलेली नाही. एकदा मात्र मी पडेगावचा अख्खा जेवणाचा हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं नेऊन ठेवला होता. आणि ती त्या कामातली माझी लहान चूक होती.

पडेगावच्या एका शेतकरी कुटुंबानं आपल्या जमिनीवर मंगल कार्यालय काढायचं ठरवलं. एक लग्नाचा हॉल, त्याला खेटून जेवणाचा हॉल. लग्नाच्या हॉलचं मॉडेल आमच्या ऑफिसात, म्हणजे माझ्या गळ्यात. जेवणाच्या हॉलचं पुण्यात, मालकांच्या भाचीकडं. ती नुकतीच आर्किटेक्ट झालेली, हुशार आणि माझ्यापेक्षा बरीच सभ्य.

मालकांची अट एकच होती. त्यांच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. कुठल्याही कार्यालयात जावं तर लग्न वर आणि पंगत खाली. आजी आपल्या खुर्चीत वर, आणि ताट तिथंच यायचं. सख्ख्या नातवाच्या लग्नात ती एकटी जेवली होती. मालक म्हणाले, "आता नातीचं लग्न इथंच लावायचं, अन् माय पंगतीत बसणार. फाटकापासून ताटापर्यंत एक पायरी दिसली नाय पाहिजे."

मी म्हणालो, यात काय अवघड? हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की माझी बायको हल्ली देवापुढं दिवा लावते.

तर, अशी दोन मॉडेलं वेगवेगळी बनवतात आणि मग एकमेकांत जोडतात. जोडताना दोघांचा शून्य एकच लागतो, कारण इमारत कुठं आहे आणि किती उंचीवर आहे, ते सगळं त्या शून्यापासून मोजायचं. माझा शून्य हॉलच्या फरशीवर होता. भाचीचा बाहेरच्या रस्त्यावर, आणि तिची फरशी त्याच्या दीड फूट वर. प्रत्यक्षात दोन्ही फरश्या एकाच पातळीत, रस्त्यावरून उतारानं चढायच्या. त्यात मी सर्व्हेचा एक आकडा चुकीचा टाइप केलेला. जोडणी केली तर नवरा-नवरी पडेगावात आणि पंगत मुकुंदवाडीत. शहाण्या माणसानं आकडा दुरुस्त केला असता. मी माउसनं हॉल धरला आणि पूर्ण शहर ओलांडून ओढत आणून जागेवर टेकवला. डोळ्याच्या अंदाजानं.

मग उंची. तिचा हॉल दीड फूट वर तरंगत होता. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, तुम्ही राहू द्या, मी करते." मी म्हणालो, तू कशाला, मीच करतो. पंगतीतल्या आग्रहासारखं झालं. दोघंही नको नको म्हणत राहिलो आणि दोघांनीही वाढलं. मी जोडलेला हॉल दीड फूट खाली घेतला. तिनं आपल्या फाइलमध्ये फरशी दीड फूट खाली घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर हॉल खड्ड्यात. मी दीड फूट वर उचलला. त्याच दुपारी, माझी अडचण ओळखून, तिनंही उचलला. गुलमंडीच्या गर्दीत दोन स्कूटरवाले समोरासमोर येतात आणि एकमेकांना वाट द्यायला दोघंही एकाच बाजूला वळतात, तसा आमचा आठवडा गेला. साइटला नकाशे गेले ते नेमके खड्ड्याच्या दिवशी.

पुढं मिस्त्रींचा फोन आला. हा माणूस अदबीचा. त्यानं विचारलं, "साहेब, जेवायला खाली उतरायचं हाये का?"

मी गाडी काढली. तिथं मिस्त्रींनी पारदर्शक नळी पाण्यानं भरलेली, एक टोक लग्नाच्या हॉलच्या जोत्याला, दुसरं जेवणाच्या. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत, आणि जोती मात्र दीड फूट वरखाली. माझं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे तिला ही नळी कुणी दाखवू नये. मालक नळीचं एक टोक धरून उभे होते. आजी लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बांधकामावर देखरेख करत होती. मी घसा साफ केला आणि सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड झाली.

"नाचता येईना," आजी म्हणाली, आणि उरलेली म्हण माझ्यासाठी सोडून दिली. मग म्हणाली, "म्हंजे माझं ताट परत खुर्चीतच, व्हय?"

मी लॅपटॉप आणायला गाडीकडं गेलो.

शेजारी जुनी विहीर होती. मिस्त्रींनी तिच्या काठावरच्या एका पक्क्या दगडावर लाल रंगानं फुली मारली. मी काठावर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला आणि भाचीला फोनवर सगळं कबूल केलं. तिनंही केलं. दोघांनी आपापला शून्य त्या फुलीवर आणला, मी तो चुकीचा आकडा दुरुस्त केला, आणि ठरलं की यापुढं उंचीला हात फक्त ती लावणार. नशीब, फरशी अजून बसवायची होती. मिस्त्रींनी जोतं चढवलं, मुरूम भरला, आणि पुन्हा नळी लावून मला मुद्दाम बोलावून दाखवलं. दोनदा.

नातीचं लग्न लागलं. आजी काठी टेकत फाटकातून आत आली, अक्षता टाकल्या, आणि कुणाचा हात न धरता सरळ पंगतीत जाऊन बसली. विहिणीच्या शेजारी. दोन वेळा मठ्ठा मागून घेतला. मालक वाढायचं सोडून नुसते बघत उभे राहिले. मी खांबाआड जिलबी खात होतो, आणखी एक मागून घेतली.

जेवून आजी बाहेर आली. चपला घालायच्या होत्या. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"समदं सपाट केलं रं," ती म्हणाली. "आता टेकायचं कुठं?"

खरंच होतं. कार्यालयाच्या पायरीवर बसून चपला चढवणं आणि त्या निमित्तानं तासभर जेवणाला नावं ठेवणं, हा म्हाताऱ्या बायांचा अर्धा सोहळा. तिच्या मागं तशा चार-पाच जणी ताटकळल्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॉडेलमध्ये दाराबाहेर एक ओटा काढला. माणसाला बसायला बरोब्बर दीड फूट उंची लागते. तो आकडा मी जन्मात पहिल्यांदा योग्य जागी ठेवला, म्हणून चहा मागवला आणि मिस्त्रींना नकाशा पाठवून दिला.

तासाभरानं त्यांचा फोन. आवाज तोच, अदबीचा. आजीला त्या ओट्यावर चढवायला शिडी करायची का, म्हणून विचारत होते.

मी फाइल उघडली. ओटा तीन फूट होता: दीड माझा, आणि त्याखाली दीड रात्रीच कुणी काढून ठेवलेला. पंगतीत आजीची दुसरी नात, पुण्याची भाचीही जेवायला होती, हे मी विसरलो होतो.