चार मिनिटांचा ठिपका

२००५च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी, शिकारीचं सामानही मिळणाऱ्या एका दुकानात मी हातमोजे घ्यायला गेलो होतो. शेजारच्या काउंटरवर सत्तरीचे एक गृहस्थ रायफलच्या दुर्बिणीबरोबर बसवायची, जवळच्या नेमासाठीची छोटी काच निवडत होते. काचेत लाल ठिपका दिसायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते एकेक काच निरखत होते.

"हा चार मिनिटांचा, तो आठचा," विक्रेती म्हणाली.

"चारच मिनिटं टिकतो?" मला राहवलं नाही.

गृहस्थ मोठ्याने हसले. "टिकत नाही तो मी! मिनिट हे कोनाचं माप. शंभर यार्डांवर चारचा ठिपका चार इंच झाकतो, आठचा आठ."

"मग आठचा घ्या की, स्पष्ट दिसेल."

"ठिपका दिसेल, पण त्याखालचं हरीण नाही. गेल्या वर्षी एक हरणी माझ्या गोळीने जखमी होऊन पळाली. दोन दिवस शोधली, सापडली नाही." त्यांनी चारची काच पुन्हा डोळ्यांसमोर धरली. "हा लहान ठिपका दिसेनासा झाला, की मी शिकार सोडणार."

त्यांनी चारचा घेतला. सही करताना त्यांचा हात इतका थरथरला, की मी न विचारता पावती दाबून धरली.