क्रेनखालच्या माणसाचा सेट

ये गं, अशी जवळ सरक. परवा फोनवर हसलीस ना? म्हणे, "मावशी, तू रेडिओ रिपेर करायचीस?" सख्ख्या बहिणीची लेक तू, बेंगळूरला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, आणि मावशीनं आयुष्यभर काय केलं ते ठाऊक नाही. रिपेर नव्हे गं, प्रोग्रामिंग. आता सुम्ने, गप बस आणि ऐक.

तुझे काका वॉकीटॉकी विकायचे. अगदी साधे सेट, कारखान्यांना, लग्नाच्या हॉलांना लागतात तसले. डोक्यावर फिरवायची दोन बटणं, एक आवाजाचं, दुसरं चॅनलचं. चॅनलच्या बटणाला सोळा घरं. खोक्यातून काढलेला सेट कुणाशीही बोलत सुटतो. त्याला केबल लावून लॅपटॉपवरून सांगावं लागतं, बाबा, या घरात तू गेटवाल्यांचं ऐकायचं, त्या घरात स्टोअरचं. काकांना त्या बारीक आकड्यांचा कंटाळा. मी शाळा अर्ध्यात सोडलेली, पण चुकत चुकत शिकले. भरलेलं सगळं सेटमध्ये उतरलं की तो पीं करायचा. कुकरची शिट्टी झाली की कसं बरं वाटतं, तसं वाटायचं बघ. आमच्या आज्यापर्यंत घरात कापड रंगवायचे. ते म्हणे आधी चिंधी बुडवून रंग बघत. मीही आधी एकच सेट भरून, बोलून बघायची, मग बाकीचे.

इथल्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्याचे सेट असेच भरून दिले. पहिलं घर गेटचं, दुसरं क्रेनचं, तिसरं स्टोअरचं. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये. खाली लोखंडी पत्र्यांजवळ एक वयस्क माणूस उभा, वरुणा गावाकडचा. तो सेटवर "इळिसु" म्हणाला की वरचा माल खाली सोडायचा. कन्नडात इळिसु म्हणजे उतरव, एवढं तरी कळतं ना तुला?

मग खंडेनवमी आली. इथं त्या दिवशी कारखान्यात हत्यारं पुसून, रांगेत मांडून पूजा करतात. त्यांनी सेटही पुसले, गंध-कुंकू लावलं, शेवंती वाहिली. आणि रांग नीट दिसावी म्हणून सगळ्यांच्या चॅनलच्या बटणांवरचे पांढरे ठिपके एकासारखे एक, सरळ केले. म्हणजे सगळे सेट पहिल्या घरात, गेटच्या.

दसऱ्याची सुटी संपली, काम सुरू झालं, बटणं परत जागेवर फिरवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेटवर लॉरीतून खोकी उतरत होती. तिथला कुणी सेटवर म्हणाला, "इळिसु." ते ऐकून क्रेनवाल्यानं पत्र्यांचा गठ्ठा सोडला. खालच्या माणसानं साखळीवरचा हात ओढला, मागं सरला. गठ्ठा त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर टेकला.

मॅनेजरचा फोन आला, सेट घेऊन जा. तो माणूस म्हणत होता, या डब्याच्या भरवशावर मी आता क्रेनखाली उभा राहणार नाही. स्कूटरवर काका मला समजावत होते, "बटण त्यांनी फिरवलं, तुझी काय चूक?" पण त्याच नवमीला घरी माझ्या टेबलावरच्या सेटांचे ठिपके मी स्वतःच्या हातानं सरळ केले होते, कुंकू लावता लावता. फिरणारं बटण आपल्याकडं कुणीतरी फिरवणारच, हे मला कळायला नको होतं?

कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला. क्रेनच्या दोन्ही सेटांच्या सोळाही घरांत एकच चॅनल भरला, क्रेनचा. कसंही फिरव, दुसरीकडं जायला वाटच नाही. गेटच्या सेटांत सोळा घरं गेटची, स्टोअरच्यात स्टोअरची. सगळे पीं झाले.

तो माणूस पाठीशी उभा राहून बघत होता. त्यानं सेट उचलला, बटण गरागरा फिरवलं आणि माझ्या हातात दिला. "अक्का, आधी तुम्ही उभ्या राहा."

"अहो, बाईमाणसाला कशाला..." मॅनेजर मध्ये पडला.

"भरलंय कुणी? त्यांनीच ना?"

मी पदर खोचला आणि त्याच्या जागी जाऊन उभी राहिले. काका दाराशी उभे. वर गठ्ठा टांगलेला. ठरल्याप्रमाणं गेटवरून सेटवर ओरडले, इळिसु, इळिसु. माझ्या हातातला सेट मुका. वरचा गठ्ठा जागचा हलला नाही. मग मी दोन पावलं मागं सरले, बाजूचं बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "इळिसु." गठ्ठा हळूहळू खाली आला.

त्या माणसानं सेट घेतला, कमरेला अडकवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मॅनेजर म्हणाला, "राहू देत मग सेट." येताना काका स्कूटर इतकी सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते.

आता काका नाहीत. तो माणूसही रिटायर होऊन वरुणाला गेलाय, ऊस लावलाय म्हणे. दर खंडेनवमीला फोन करतो, "अक्का, ऊस तयार आहे, कधी येता?" एकटीनं बस धरायचं जिवावर येतं, म्हणून मी दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलते. त्याचंही वय झालं आता. तेव्हा दसऱ्याची वाट बघू नकोस. येत्या शनिवारीच परत ये. दोघी मिळून जाऊन येऊ.