अच्युतरावांनी वाचलेली तीनशे बारा पानं

गिरणी बंद झाली तेव्हा अच्युतराव चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यातली बावीस विणखात्यात फिटर म्हणून गेली होती. बरोबरीचे काही खजरान्याला गणपतीच्या देवळाच्या वाटेवर हार-नारळ विकायला बसले, काही नुसतेच बसले. अच्युतराव छत्रीबागेतल्या घरून सायकलवर कम्प्युटर क्लासला जाऊ लागले. पहिल्या दिवशी पोरं त्यांना सर समजून उठून उभी राहिली आणि ते मागच्या बाकावर बसताच खिदळली.

पुढे ते सुजयच्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा कम्प्युटर आणि पाटीवर ‘इंटरनॅशनल’. पोरं प्रोग्रॅम लिहायची आणि विसरायची. कुठला तुकडा काय करतो हे त्यांना खोदून विचारायचं आणि साध्या भाषेत लिहून काढायचं, हे अच्युतरावांचं काम. दिवसाला चार पानं व्हायची. चारही खरी असायची.

२००१ सालच्या एका सोमवारी सुजय हात चोळत आला.

“काका, ये देखो! हे टूल फुकट मिळालं नेटवर. कोड वाचून स्वतःच पुस्तक बनवतं. इंडेक्ससकट!”

“मग माझं काय?”

“तुकोजींचं काम याच्यावर करून बघू. जमलं तर शुक्रवारी बोलू आपण.” सुजयने पंख्याकडे पाहिलं. “तोवर तुम्ही निशांतला हे चालू करायला मदत करा.”

म्हणजे ज्या टूलमुळे नोकरी जायची, ते चालू करायलाही अच्युतरावच.

तुकोजी मानपूरचे ट्रकमालक. त्यांच्यासाठी मालाच्या नोंदीचा प्रोग्रॅम केला होता. “तुम्ही उद्या दुकान गुंडाळलं तर दुसऱ्याला कळायला हवं,” असं म्हणून त्यांनी प्रोग्रॅमची लेखी माहितीही मागितली होती.

निशांत प्रोग्रॅमर होता. अनुभव दोन वर्षांचा, ऐट दहा वर्षांची. त्याने बटण दाबलं. तीनशे बारा पानं तयार झाली. प्रत्येक पानावर तुकड्यांची नावं आणि खाली कोरी जागा.

“भिया, टूलच खराब आहे,” निशांत अच्युतरावांना म्हणाला.

अच्युतराव टूलच्या सूचना वाचत बसले. दुपारी म्हणाले, “टूल ठीक आहे. प्रत्येक तुकड्यावर तो काय करतो ते आपण लिहायचं, त्या ओळीला कीबोर्डवरच्या दोन चांदण्यांची खूण करायची. खुणेच्या ओळी तेवढ्या ते उचलतं. आपण एकही खूण केलेली नाही.”

“बस, इतकंच?” पोरांनी प्रोग्रॅममध्ये आपल्यापुरते लिहून ठेवलेल्या झाडून सगळ्या शेऱ्यांना निशांतने एका झटक्यात चांदण्या लावल्या. पुन्हा बटण. आता पानं भरली. सुजय ती हातात तोलून खूश झाला. “वा! कसं वजनदार झालं!”

माग दुरुस्त झाला की पट्टा चढवण्याआधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं, ही फिटरची सवय. अच्युतरावांनी एक प्रत घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. दोन दिवस वाचत होते. पोरांनी आपापसात खरडलेलं सगळं टूलने इमानदारीने छापलं होतं. पान चाळीस: ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.’ पान एकशे अठरा: ‘म्हातारा पुन्हा फिरला, तिसऱ्यांदा बदललं.’ पान दोनशे तीन: ‘सुजयला कळत नाही, म्हणून दोनदा तपासतो.’

गुरुवारी त्यांनी लाल खुणा केलेली प्रत सुजयच्या टेबलावर ठेवली. “हे असं पाठवू नका. तीन आठवडे द्या, नीट लिहून देतो.”

“काका, टूलने बनवलंय. मशीनचं काम कोणी वाचत बसतं का?” सुजयने त्या प्रतीवर चहाचा कप ठेवला. “उद्या बोलूच आपण.”

शुक्रवारी पानं मानपूरला गेली आणि अच्युतरावांना महिनाअखेरपर्यंतच यायला सांगितलं गेलं. घरी बायकोने, मंजिरीबाईंनी, विचारलं, “काम चुकलं का तुमचं?”

“नाही. कामच नको आहे त्यांना.”

पण तुकोजी प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचणारे निघाले. मंगळवारी त्यांचा फोन आला. सुजय उभा राहून ऐकत होता.

“म्हातारा कितीदा फिरला म्हणता? तीनदा? चौथ्यांदा फिरतोय. दुसरी कंपनी बघतो.”

“साहेब, तीन आठवडे द्या फक्त...” तिकडून कसाबसा होकार आला तेव्हा सुजयने फोन ठेवला आणि वळला. “काका, तुम्ही थांबवलं का नाही?”

अच्युतरावांनी त्या दिवशीच्या चहाच्या कपाखालून प्रत ओढली आणि लाल खुणा त्याच्यासमोर धरल्या.

तीन आठवडे ते एकेका पोराला शेजारी बसवत होते. “हे काय करतं? का करतं? माहीत नसेल तर बघून सांग.” सर्वांत जास्त वेळ निशांतला बसवलं. त्याला आपलेच तुकडे आठवत नव्हते. अच्युतरावांनी एकेक ओळ लिहिली, खूण केली, आणि मग बटण दाबलं. तुकोजींनी दोनशे ऐंशी पानं वाचली आणि पसंत केली.

सुजयने सगळ्यांना जमवून पेढे वाटले. “एका क्लिकवर केलं टूलने!” निशांतला ‘टूल इन्चार्ज’ केलं.

“नोकरी राहिली ना पण?” घरी मंजिरीबाईंनी विचारलं.

“राहिली. हजेरीच्या वहीत टूलचा हेल्पर लिहिलंय.”

मंजिरीबाई हसून हसून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी अच्युतराव नेहमीसारखे दहा मिनिटं आधी पोचले. इन्चार्ज साडेअकराला आला.