हात कोणी मोडला, ते लिहून घ्या

"मालयुनियन आहे, ताई," डॉक्टरबाई एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या. म्हणजे मोडलेलं हाड जुळलं, पण वाकडं. आता परत मोडून, आत प्लेट टाकून सरळ करायचं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर बसवलं आणि दार लोटलं. "हे अल्ना, करंगळीच्या बाजूचं हाड. पडल्यावर बहुतेक मनगट जातं. हे असं मधोमध मोडतं ते मार अडवायला हात वर केला की. कोणी मारलं?"

"मोरीत पाय घसरला," मी म्हटलं. दीड महिना हेच सांगत होते, तोंडात बसलं होतं.

मारलं नवऱ्याने, पाण्याच्या मोटारीच्या पाइपाने. दवाखान्यात नेलं तर एमएलसी होते, म्हणजे पोलिसांत जाणारा कागद, हे त्याला आणि सासूला पक्कं ठाऊक. म्हणून दहिवलीहून रिक्षात घालून मला कोंडाण्याकडच्या हाडवैद्याकडे नेलं. म्हातारा भला. पाला लावून बांबूच्या पट्ट्या आवळताना म्हणाला, "हा पडून मोडलेला हात नाय, पोरी."

"तुमी बांधा," सासू म्हणाली.

महिनाभर पट्ट्या सोडू नका, असं त्याने तीनदा बजावलं. बाराव्या दिवशी नणंदेचा साखरपुडा. पाहुण्यांनी विचारू नये म्हणून सासूने त्या स्वतः सोडल्या, हातात बांगड्या भरल्या आणि मला तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसवलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ओटीवर नवरा मेला हसत हसत पाहुण्यांना आग्रह करत होता. त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. हात वाकडाच जुळला, कामाला येईना, तेव्हा 'मोरीत पडले म्हण' असं पढवून नवऱ्याने मला दवाखान्यात आणलं.

ऑपरेशनला चार दिवस होते. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्ही सांगाल तेच लिहीन. विचार करा." घरी सासू शिरा भरवायला लागली. "घरातलं घरात मिटवू गं. बाहेर गेलं तर पोरीचं लग्न मोडंल." खालापूरहून आईचा फोन, तिचंही तेच. नणंदेचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बाहेरच्या दोघांनी माझा हात बघून खरं ओळखलं होतं, आणि घरच्यांना फक्त तो झाकायचा होता.

भरती करताना नवऱ्यासोबत सासूही उभी होती. सिस्टरने विचारलं, "कशाने लागलं?"

"पडली ती," नवरा म्हणाला.

"पाइपाने मारलं. ह्यानेच. आणि पट्ट्या हिने सोडल्या. लिहून घ्या," मी वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले.

"काय बोलतेस गं!" त्याचं तोंड उतरलं. काय सांगू, किती बरं वाटलं!

प्लेट टाकल्यावर भयंकर दुखलं. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा डोकं जड होतं, तरी एक शब्द गाळला नाही. बायांनो, विचारणारं बाहेरचं माणूस भेटलं, तर त्याला खरं सांगा. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

साखरपुडा मोडला. सासू कॉटशी येऊन रडली, "तक्रार मागं घे गं, पाया पडते." मला पाझर फुटला नाही. मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.