राजाच्या वाटेवर आईचा संडास

आमच्या पांझरेकाठच्या गावात भुयाराची गोष्ट सांगायचा मान एकाच माणसाचा, तो म्हणजे आबांचा. गढीच्या पायथ्याशी त्यांचं घर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत असायच्या आणि आबा ओट्यावर बसून सांगायचे: गढीतून भुयार निघतं, देवळाखालून, पेठेखालून, नदीखालून जातं आणि थेट लळिंगच्या किल्ल्यात उघडतं. घोड्यावर बसलेला राजा मान न वाकवता जाईल एवढं उंच! लहानपणी मी ही गोष्ट ओट्याखाली उभी राहून ऐकली आहे. आबांचं भुयार सगळं गाव फिरायचं, फक्त आमच्या बौद्ध वस्तीकडे ते कधी वळलं नाही.

आणि निघालं कुठे? आमच्या परसात. आईच्या संडासाच्या खड्ड्यात.

त्या संडासाचं आधी सांगते. आई जन्मभर गोदरीत गेली, म्हणजे रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या आडोशाला. गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी वेशीवर लागून कित्येक वर्षं झाली. ती पाटी गोदरीतून स्पष्ट दिसते. तिथला एक रिवाज आहे. पुरुष माणूस आला, मोटारसायकल आली, की बसलेल्या बायकांनी उठून उभं राहायचं, पाठ फिरवायची. तो जाईपर्यंत उभं. मग पुन्हा बसायचं, पुन्हा कोणी आलं की पुन्हा उठायचं. कापूस वेचून वेचून आईचे गुडघे गेले, तरी ती उठायची. एकदा उठता उठता तोंडावर पडली. फोनवर रडली नाही, एवढंच म्हणाली, "माले संडास पाहिजे."

मी जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. दिवसभर लोकांच्या शेतात जाणारे पाइप मोजते, आणि माझ्याच आईला बसायला जागा नाही! मला माझीच चीड आली. सुट्टी टाकली आणि बस धरली.

गवंडी म्हणाला, खड्डा घराला लागून घेऊ. आई म्हणाली, चुलीजवळ अजिबात नको. तिच्या हट्टापायी खड्डा ढकलत ढकलत परसाच्या पार कोपऱ्यात गेला. कमरेइतकं खणून झालं आणि गवंड्याची पहार एकदम आत गेली. हातातून सुटलीच. आत पोकळ आवाज घुमला. मुरूम बाजूला केला तर अंधारात तासलेली भिंत.

झालं! गावभर बातमी. तासाभरात परसात पाय ठेवायला जागा उरली नाही. जी माणसं आमच्या वस्तीत मतं मागायला आली तरी उंबऱ्याबाहेर थांबतात, ती आईच्या चुलीपर्यंत आली. आबा काठी टेकत आले, खड्ड्यात डोकावले आणि त्यांनी हात वर केला.

"हाई राजानी वाट शे. अठे संडास बांधतस का?"

लोकांनी माना डोलावल्या, राजाच्या वाटेवर संडास कसा? कोणी म्हणालं, परसाला कुंपण घाला. कोणी म्हणालं, म्हातारीला दुसरीकडे जागा देऊ. कधी, कुठे, ते कोणी बोलेना. गवंडी बिचारा हत्यारं गोळा करायला लागला. त्याला गावातच कामं मिळवायची होती.

आई खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. "राजा गया, घोडा गया," ती म्हणाली, "मी कोठे जाऊ? माले संडास पाहिजे. भुयार तुम्ही लई जा घर!"

भुयार घरी न्या म्हटल्यावर कोणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. "बठ्ठा गावले माहीत शे," ते म्हणाले, "मोठं भुयार शे. घोडेस्वार जास."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "आबा, सगळ्या गावाला माहीत आहे ना? मग चला, उतरून बघू. तुम्ही पुढे, मी मागे."

आबांचं वय झालेलं, त्यांना मी तरी काय उतरवणार होते? पण त्यांच्यामागे चांगले धडधाकट वीसजण उभे होते, त्यांतला एकही पुढे झाला नाही. गवंड्यानं मात्र बादलीत दिवा ठेवून खाली सोडला. विहीर खणणारे हवा अशीच तपासतात. दिवा विझला नाही. मी कमरेला दोर बांधला, त्याचं टोक गवंड्याच्या हातात दिलं, पदर खोचला, मोबाइलची बत्ती लावली आणि पाइप मोजायची टेप घेऊन उतरले.

भीती वाटली. खोटं कशाला सांगू. खाली उभं राहता येईना. वाकून जमेना. शेवटी गुडघे टेकले आणि रांगत निघाले. भिंतीवर छिन्नीचे घाव, बोटभर रुंद, एकाशेजारी एक. गुडघ्याच्या उंचीवर दिव्याचा कोनाडा, त्यात अजून काजळी. पंचवीसेक फुटांवर माती ढासळून वाट बंद झालेली. हंडा नाही, तलवार नाही, हाड नाही, कसलीच खूण नाही.

वरून आई ओरडली, "मझार काय शे?" आत काय आहे, म्हणून विचारत होती.

मी टेप लावली. बाहेर येऊन, माती झटकून, सगळ्यांसमोर माप सांगितलं. "उंची अडीच फूट. आबा, राजा रांगत गेला का? आणि घोडा?"

आधी बायका हसल्या. मग सगळं परस हसलं. आबांनी टेपकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांवरच्या मातीकडे पाहिलं, आणि काठी टेकत निघून गेले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण आईचं पडणं आठवलं आणि तेही गेलं.

ते कशासाठी खणलं, मला माहीत नाही. धान्य लपवायला असेल, लुटारूंपासून जीव वाचवायला असेल, पाण्यासाठी असेल. कोणाला कळलं तर मला जरूर सांगा. पण ताठ मानेच्या माणसासाठी ते नव्हतं, एवढं मी माझ्या गुडघ्यांची शपथ घेऊन सांगते. कोणीतरी मिणमिणत्या दिव्यात, छाती जमिनीला टेकवून ते खणलं. त्यांची नावं कोणत्याही ओट्यावर सांगत नाहीत. म्हणून खड्डा आम्ही सरकवला, भुयाराच्या उलट्या बाजूला. गावाच्या सांगण्यावरून नाही हं! त्या खणणाऱ्यांच्या डोक्यावर घाण सोडायची माझीच इच्छा होईना. जळगावहून एक वाकडा पाइप आणला आणि काम भागलं. भुयाराच्या तोंडावर फरशी टाकली.

दिवाळीला घरी गेले होते. सकाळी दारात काठीचा आवाज आला. आबा! सोबत शहरातले दोन पाहुणे, भुयार बघायला आलेले.

"भुयार दाखाडानं व्हतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. भुयारावरच्या फरशीकडे जायची वाट संडासाच्या दारासमोरून जाते, आणि दाराला आतून कडी होती.

आतून आईचा आवाज आला, खणखणीत. "थांबा आबा! मी मझार शे."

आबा थांबले. पाहुणेही थांबले, पाठ फिरवून, रस्त्याकडे तोंड करून. आईनं मुळीच घाई केली नाही.